पूर्णेचा वरचा डोह

लोक उन्हाळ्यात देवाला जातात, आम्ही मासे धरायला जायचो. गहू-हरभरा घरात आला, शेत उघडं पडलं की वैशाखात बाबा गाडी जुंपायचे. गाडीत कढई, तिखट-मीठ, ज्वारीचं पीठ, वेळूच्या काठ्या आणि गळ. कुठल्या तरी पाण्याच्या काठी झाडाखाली मुक्काम ठोकायचा, चार दिवस मासे धरायचे, खायचे, आणि काळेठिक्कर पडून परत यायचं. देऊळघाटात त्यावरून आमची थट्टा व्हायची. शेतीवाडी असलेल्या माणसानं बायकापोरं घेऊन नदीवर पडून राहावं हे लोकांना पटत नसे. बाबांना लोकांचं फार वाटायचं, पण एवढ्या एका बाबतीत नाही.

कोणतं पाणी, हे ठरवायला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून ओट्यावर बैठक बसे. बैठक म्हणजे बाबा आणि काका. पैनगंगा आमच्या उशाशी, पण वैशाखात तिच्यात घागर बुडायची मारामार. नळगंगेच्या माशाला चिखलाचा वास येतो, असं बाबांचं मत. खडकपूर्णा पार सिंदखेडच्या बाजूला, तिथवर जाण्यात बैलांचे हाल. तळ्यांवर बाबांचा विश्वासच नव्हता. तळ्यातला मासा आळशी असतो म्हणायचे. काका दरवर्षी लोणारचं नाव काढायचे, कारण त्या खारट पाण्यात मासाच नाही, म्हणजे कोणी कमी धरले हे भांडणही नाही. माय आत भाकरी थापत हे सगळं ऐकायची. तिला कधी कोणी विचारलं नाही आणि तीही कधी बोलली नाही.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी ती बोलली.

माझ्या मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासर घाटाखाली, मलकापूरच्या पुढं, पूर्णेच्या काठचं गाव. काळी कसदार जमीन, जावई मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खानदेशात एका कापसाच्या जिनात नोकरीला. स्थळ पाहून बाबा हरखले होते. त्या भागातल्या विहिरी खाऱ्या आहेत आणि पिण्याचं पाणी बायका नदीच्या रेतीत झिरे खोदून आणतात, हे लग्नानंतर कळलं. बाकीचं त्याहून उशिरा कळलं. पहिल्या आखाजीला तिला माहेरी पाठवलं नाही, काम आहे म्हणाले. दुसऱ्या आखाजीला तब्येत बरी नाही म्हणाले. मग मलकापूरच्या बाजाराला जाणारी आमच्या गावची एक माळीण मायला म्हणाली की तुमची पोरगी मी पाहिली, ओळखू आली नाही, आणि तिच्या हातावर डागल्याच्या खुणा आहेत.

माय उठून जाऊ शकत नव्हती. बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी आई जात नसे. बाबा जाऊ शकत होते, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाबा तर तिच्या गावच्या शिवेतलंही पाणी पीत नसत. असा माणूस तिथं जाऊन किती वेळ बसणार? उभ्या उभ्या जायचे, विहीणबाई गोड बोलायच्या, बाई दाराआड उभी असायची, आणि हे तहानलेले परत यायचे.

तर त्या वर्षी ओट्यावर बैठक बसली तेव्हा माय पदर सावरत दारात आली आणि म्हणाली, "या साली पूर्णेवर जाऊ." काका तेवढ्यात तळ्याचा विषय काढत होते, तो तिथंच राहिला. बाबांनी मान हलवली. का, ते कोणी बोललं नाही, पण मलासुद्धा कळलं. मी तेव्हा परकर नेसायचे.

घाट उतरून, मलकापूर ओलांडून आम्ही पोचलो. उन्हाळ्यात पूर्णा वाहत नाही, नुसते डोह उरतात. बाईच्या गावाखाली एक डोह होता आणि त्याच्या काठच्या रेतीत गावाचे झिरे. दुसरा डोह वर, गावाची शीव ओलांडली की. बाबांनी वरचा निवडला. मासा खोल पाण्यात असतो म्हणाले. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. एकाच नदीचं पाणी शिवेच्या अलीकडे आपलं आणि पलीकडे लेकीचं, हा हिशेब माझ्या बापालाच जमत होता. त्यामुळे झालं काय, की जिला भेटायला आलो ती खाली पाणी भरायची आणि आम्ही वर गळ टाकून बसलो. माय पाण्याकडे पाठ करून नदीच्या वळणाकडे बघत बसायची. तिनं एक काठी हातात धरली नाही.

दोन दिवस असे गेले. मंगळवारी सकाळी मायनं मला बाजूला घेतलं आणि खाली झिऱ्यावर पाठवलं. मी रेतीतून पळत गेले. बाई एका झिऱ्याशी बसून वाटीनं घागर भरत होती. माळीण खोटं बोलली नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते, काही जुने, काही ओले. तिनं मला जवळ घेतलं नाही, कारण बाकीच्या बायका बघत होत्या. घागर भरता भरता खाली बघूनच बोलली.

"बाबाले सांगजो, उद्या सकाळी गाडी घेऊन इथंच या म्हणा. मी बसून राहीन. घरी येऊ नका म्हणा. घरी समजलं त मले निंघू देत नाहीत थे."

मी एकेक शब्द तसाच नेऊन सांगितला. माय लगेच उठून भांडी बांधायला लागली. बाबांनी गळाला नवं आमिष लावलं. मग म्हणाले, नदीवरून लेक उचलून न्यायची म्हणजे चोरी झाली. आपण काय चोर आहोत? माहेरचा माणूस धाडून मूळ पाठवू, रीतसर नेऊ. काकांनी मुराळी म्हणून जायचं, नारळ घ्यायचा, लुगडं घ्यायचं, सासूच्या हातून ओटी भरवून लेक गाडीत बसवायची. आणि उद्या नको. उद्या बुधवार. जाशील बुधी तर येशील कधी, हे त्यांनी मायलाच ऐकवलं, जणू तिला ते माहीत नव्हतं. बुधवारी निघालेली लेक पुन्हा सासरी नांदायला जात नाही.

"नाही गेली त नको जाऊ," माय म्हणाली. "तेच त पाह्यजे."

बाबा म्हणाले, असं बोलू नये. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट समजुतीचाच होता. आयुष्यभर मी लोकांना रागावलेल्या पुरुषांना भिताना पाहिलं. मला समजूतदार पुरुषांची भीती वाटते. माय परत बसली. बांधलेली भांडी तिनं सोडली नाहीत, स्वयंपाकापुरती कढई तेवढी ओढून काढली.

बुधवारी सकाळी काका लुगडं आणायला मलकापूरला निघाले. जाताना बाईच्या घरी, उद्या मूळ येतं आहे, असा निरोप द्यायला बाबांनी त्यांना सांगितलं. आगाऊ निरोप द्यायची रीत होती आणि रीत मोडायची नव्हती. काका नंतर सांगत, विहीणबाई हसून म्हणाल्या, या की, लेक तुमचीच आहे. त्या दिवशी डोहात मासे नुसते तुटून पडत होते. बाबांनी मरळ काढल्या, वाम काढली, एवढे मासे आम्हाला कोणत्याच साली मिळाले नव्हते. मायनं सगळे साफ केले, तळले, वाढले, आणि स्वतः मीठ लावून भाकरी खाल्ली. मी मात्र पोटभर जेवले. उद्या बाई येणार म्हणून मला आनंद झाला होता.

गुरुवारी अंघोळी करून, बैलांना पाणी दाखवून आम्ही गाडी खाली नेली. झिऱ्यावर दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांनी गाडी ओळखली आणि एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक म्हणाली, "काल काऊन नाही आले? पोरगी सकाळपासून बसून होती भरली घागर घेऊन. माह्या बाबाची गाडी येऊन राह्यली म्हणे." मग ऊन चढल्यावर सासरा आपली गाडी घेऊन आला आणि तिला तिथूनच घेऊन गेला. घागर तिथंच राहिली होती, ती म्हातारीनं नंतर घरी नेऊन दिली.

घरी विहीणबाईंनी आम्हाला सावलीत बसवलं. म्हणाल्या, सून कालच मलकापूरहून रेल्वेनं नवऱ्याकडे गेली, त्याचे जेवणाचे हाल होत होते. बुधवार होता, हे त्या घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पाण्याचे पेले पुढं आले. बाबांनी हात जोडून नको म्हटलं. लुगड्याची घडी काकांच्या मांडीवर होती, ती विहीणबाईंनी मागून घेतली.

बाई खानदेशात भाद्रपदात गेली. पटकीनं गेली म्हणाले. असेलही, त्या साली साथ होतीच. निरोप आमच्याकडे आला तोवर तिचं तेरावंसुद्धा उरकलं होतं. ती कशानं गेली हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायला आता कोणी उरलं नाही.

आमच्या ओट्यावर लोक भेटायला येऊ लागले. बाबा भिंतीला टेकून बसत आणि येईल त्याला एकच सांगत. आम्ही गेलो होतो. नारळ घेऊन, लुगडं घेऊन, रीतसर मूळ घेऊन गेलो होतो. एका दिवसानं चुकामूक झाली. लोक माना हलवत, नशीब म्हणत, चहा पिऊन जात. बाबा खरंच रडत, त्यात खोटं काही नव्हतं. माय उंबऱ्याच्या आत गुडघ्यात डोकं घालून बसलेली असायची.

एक दिवस ओटा भरलेला होता, भावकीतली मोठी माणसं बसली होती, आणि बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं. माय उठली. मोठ्यांसमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशीही तो जागच्या जागी होता. ती दारात येऊन उभी राहिली.

"चुकामूक नाही झाली," ती म्हणाली. "पोरगी आली होती. आपण नाही गेलो."

 नंतर बाबा बरीच वर्षं जगले, पण ते मूळ नेल्याचं त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.