दाताच्या नावाने कणकवलीला

मंगळवार, नोव्हेंबरचा मध्य. सकाळी साडेअकरा. हजर: मी, माझी थोरली जाऊ आणि समुपदेशक बाई. जागा: कणकवलीतल्या एका दवाखान्याची माडी, खिडकीला निळा पडदा.

आमच्या आचऱ्याहून मालवण जवळ, पण तिथे ओळखी फार. म्हणून कणकवली. बसमध्ये चढतानाच जाऊ कानात म्हणाली, “कोणी इचारल्यान तर दात काढूक जातंव म्हणान सांग.” पुढच्याच थांब्यावर वाडीतली एक मावशी चढली आणि तिने विचारलंच.

“खंयचो दात गो?”

“वरचो,” जाऊ म्हणाली. “खालचो,” मी म्हणाले. दोघी एकदम.

“मगे दोनय काढतलास?” मावशी स्वतःचाच गाल धरून हळहळली.

खरं कारण असं, की काही महिने मी कामात असतानाच नाहीशी होत होते. उभी तिथेच, घड्याळ मात्र पुढे गेलेलं. आदल्या आठवड्यात जाऊ धावत आली तेव्हा पेज आटून करपली होती, स्वयंपाकघरात धूर होता आणि मी शेगडीसमोर शांत उभी होते. तिची तिसरी हाक मला ऐकू आली. गॅस तिने बंद केला आणि दवाखान्याची वेळही तिनेच घेतली.

बाईंनी विचारलं, “काय त्रास होतोय?” मी तोंड उघडायच्या आत जाऊ सावरून बसली. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा बोलतो मानकरी. ज्याचं दुखणं, तो नुसता हात जोडून उभा राहतो आणि भोवतालचे प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. जाऊ तशीच सुरात सांगू लागली. पेजेचं सांगितलं, अर्धवट वाळत घातलेल्या कपड्यांचं सांगितलं. प्रत्येक वाक्याला मी मान हलवून “होय” म्हणत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का?” बाई तिला म्हणाल्या.

“मी सांगलंय तां चुकला काय?”

“नाही. पण मला यांच्याकडून ऐकायचंय.”

जाऊ उठली. दारातून वळून मला म्हणाली, “गप बसान रवू नको हां. मी भायर आसंय.”

मी पिशवीतून माझ्या हरवण्याच्या नोंदींचा कागद काढला. तारीख, वेळ, किती मिनिटं, असे सतरा मुद्दे होते. बाईंनी तो नीट वाचला आणि पाचव्यावर बोट ठेवलं: ‘खळ्यात उभी, पाऊण तास.’

“हा पाऊण तास कसा होता?”

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. घरापुढच्या खळ्यातलं ऊन पाण्यासारखं हलत होतं. समुद्राची गाज घागरीच्या आतून यावी तशी येत होती. हातात झाडू होता, पण तो हात माझा नव्हता. कुणीतरी जपायला दिल्यासारखा. कुठलंच काम नाही, कुणाची हाक नाही. सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेलं, “तिथून परत यावंसं वाटत नाही.”

“जीव नकोसा वाटतो का?” त्यांनी सरळ विचारलं.

मी विचार करून उत्तर दिलं. “तसं नाही. दमलेय. थांबावंसं वाटतं.”

त्या दचकल्या नाहीत. देव बघून घेईल असंही म्हणाल्या नाहीत. पडदा वाऱ्याने फुगला, बसला, पुन्हा फुगला. शिमग्यापर्यंत बरी होईन का, असं मी विचारलं. मला देवाला लावतात तसा कौल हवा होता, उजवा किंवा डावा. “तारीख नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “दर मंगळवारी या. घरी कोणाकोणाला माहीत आहे?”

“जावेला.”

“आणि मिस्टरांना?”

ते मुंबईला नोकरीत. रोज संध्याकाळी फोन येतो. त्यांना सांगायचं, आणि आपल्या तोंडाने, एवढंच काम बाईंनी मला दिलं.

त्याला आता तीन मंगळवार झाले. परवा जाऊ म्हणाली, “मी सांगू काय भावजींका?” मी नको म्हटलं. काल फोनवर पंप दुरुस्त झाल्याचं सांगितलं, नारळ उतरवल्याचं सांगितलं, मांजरीला पिल्लं झाल्याचंही सांगितलं. हे सांगायचं राहिलंय.