पाळ झिरपते, खाली वस्ती

शालिक रामटेके गेल्याचं मला सानगडीच्या आठवडी बाजारात कळलं. मी वांगी निवडत होते, तेवढ्यात त्यांच्या पुतणीनं हात धरला. "ताई, काका गेले... झोपेतच." वांगी तशीच टोपलीत ठेवून मी बाजूच्या पारावर बसले. त्याला आता महिना होऊन गेला.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं भंडाऱ्याच्या एकाच सरकारी कचेरीत लागलो. मी टंकलेखनाला, ते तलावांच्या पाहणीला. पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेले मालगुजारी तलाव त्यांनी सायकलनं पालथे घातले. सिहोरा म्हणू नका, बपेरा म्हणू नका... तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून चालायचे, पलीकडच्या अंगाला उतरून ओल बघायला मातीत बोट खुपसायचे, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. त्या वह्या कुणी उघडत नसे. मलाही वाटायचं, हा माणूस उगाच चपला झिजवतो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कचेरीत कॉम्प्युटर आला. सगळे त्याला हात लावायला भ्यायचे. रामटेक्यांनी मात्र मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये साऱ्या वह्या रोमन अक्षरांत उतरवल्या. आधी तालुका, त्याखाली गाव, त्याखाली तलावाचं नाव हे शीर्षक, आणि शीर्षकाखाली त्या तलावाचे गुणदोष, एका ओळीत एक. मग आपण गुणदोष सांगावेत आणि ते ज्यांच्यात आहेत तेवढ्याच तलावांची शीर्षकं पुढे यावीत, म्हणून त्यांनी त्या एडिटरच्याच आज्ञा एकाखाली एक रचायला घेतल्या. पहिल्यांदा जमेना. "ताई, ओळ सापडून राहिली, पन तलाव नाई सापडत," ते हताश होऊन म्हणाले. पडद्यावर 'पाळ झिरपते' अशी रांगच लागली होती. कुठली पाळ, याचा पत्ता नाही. आठवडाभरानं एका दुपारी ते एकटेच हसायला लागले. "ओळ भेटली का उलटं वर जायचं, शीर्षक भेटेपर्यंत. मंग तिथून पुढच्या शीर्षकापर्यंत सारं वाचायचं. एवढंच तर होतं!"

त्याच पावसाळ्यात झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. कुठल्या तलावावर आधी माणसं पाठवायची, साहेबांना कळेना. रामटेक्यांनी यंत्राकडे तीन गोष्टी मागितल्या : सांडवा नाही, पाळ झिरपते, खाली वस्ती. एवढ्या तलावांची शीर्षकं गळत गेली आणि पडद्यावर एकच नाव उरलं.

"तिथून तर काही तक्रार नाही," साहेब म्हणाले.

"तक्रार कोन करन, साहेब? तिथं फोन नाई. मी सोता त्या मातीत बोट घालून पायलं हाय. जीप द्या."

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. जीप निघाली. दुपारपर्यंत सारी वस्ती, ढोरांसकट, उंचावरच्या शाळेत गेली, आणि दिवस मावळायच्या आत पाळ फुटली. घरं गेली, धान गेलं... माणूस एकही गेला नाही. दुसऱ्या दिवशी रामटेके आले, यंत्रासमोर बसले आणि त्या शीर्षकाखाली एक ओळ वाढवली : 'फुटली'. मग टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. पुढे त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेले. तिथल्या लोकांना कळवावं, एवढंच मनात होतं. पाळ नवी आहे, पक्का सांडवा आहे, त्यावरून पाणी शांतपणे वाहत होतं. पाळीवर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. मी म्हटलं, "रामटेके गेले."

"कोन रामटेके?" तिनं विचारलं. "आमाले त त्या दिवशी जीप आली, एवढंच मालूम."

मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. सायकल, वह्या, यंत्र, ते एकच उरलेलं नाव. ती ऐकत राहिली. मग उठली, पदर डोक्यावर घेतला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "नाव सांग बरं, बाई, अजून एकदा."

मी पूर्ण नाव सांगितलं. तिनं ते हळूच, चुकत चुकत, दोनदा म्हणून पाहिलं.