पाचव्या वाक्यापासून

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लोक लिहितात ते मी गेली बरीच वर्षं वाचते... पण खरं सांगायचं तर चुका शोधायला. कुणाच्या गोष्टीत खिडकी आधी बंद असते आणि नंतर आपोआप उघडी, कुणाचा काळ गडबडलेला – धंद्याची सवय. मी इंग्रजी शिकवते. अंगात येणं, कौल लावणं, कुणीतरी दिसणं यातलं मी काहीही मानत नाही. मुलगी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "वाडीला जाऊन ये, दत्ताच्या पायावर डोकं ठेव, मन शांत होईल." मी गेले नाही. मन अशांत नव्हतंच. तिथे काहीच नव्हतं.

तर आता माझं वाचून तुम्ही चुका काढा. सापडली तर मला कळवा, मी आभार मानेन.

कोल्हापुरात राजारामपुरीत, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे. एक खोली, एक पांढरा बोर्ड, प्लास्टिकच्या खुर्च्या. साडेचारपासून सकाळच्या शाळांची मुलं येतात, दुपारी दोन ते साडेतीन बायकांची बॅच असते.

माझी मुलगी सई. नववीत होती. अडीच वर्षांपूर्वी एका बुधवारी शाळा सुटल्याची घंटा झाली आणि ती शाळेतच कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेईपर्यंत... असो. एवढं सगळ्यांना माहीत आहे.

माहीत नसलेलं असं – त्या दिवशी पावणेपाचला शाळेच्या ऑफिसमधून तिनं मला फोन केला होता. "आई, डोकं दुखतंय. न्यायला ये ना." मी बॅचवर होते, बोर्डवर काळांचा तक्ता काढत होते, बारापैकी सात रकाने झाले होते. मी म्हटलं, "पाच दहाला सुटतेच की शाळा. तोवर थांब." ती "बरं" म्हणाली. मी फोन ठेवला आणि उरलेले पाच रकाने भरले.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही. ते सहज म्हणाले होते. मी त्या वाक्यासोबत राहत होते.

पंधराव्या दिवशी क्लास सुरू केला. लोक म्हणाले, किती धीराची बाई. धीर कसला... दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं अख्खं अंग झालं होतं. हातातला चहा गरम आहे की गार ते कळायचं नाही. संजयच सांगायचा, "अगं, गार झालाय तो, टाक."

गेल्या वर्षी जूनमध्ये दुपारच्या बॅचला शाहीनभाभी आल्या. वय पन्नाशीचं, सदर बाजारात घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवतात. इंग्रजी कशाला शिकायचंय विचारलं, तर म्हणाल्या –

"नातीला इंग्लिश मीडियमला घातलंय ओ मॅडम. त्या डायरीत टीचर कायतरी लिवती आन् खाली सही मागती. आई-बाप दोघं कामाला, म्हणून मीच सही करतो. काल शेजारणीनं वाचून दावलं, तर लिवलंय काय – तुमची पोरगी दुसऱ्याचा डबा खाती! तीन दिस झालं मी त्याच्यावर सही करतोय!"

सगळ्या बायका हसल्या. मीही ओठ हलवले.

भाभी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. एबीसीडी वाचता यायची, पण लिहायला फार वेळ लागायचा. म्हणून त्यांना मी सवलत दिली होती – ऐकलेलं इंग्रजी मराठी अक्षरांत लिहा, नंतर बघू.

दिवाळीनंतरचा एक मंगळवार. बॅचला चौघीजणी होत्या. पास्ट कंटिन्युअस, म्हणजे चालू भूतकाळ चालला होता, विषय 'माझी शाळा'. मी दहा वाक्यांचं डिक्टेशन दिलं. माझ्याकडे एक जुना कागद आहे, त्यावरची तीच ती वाक्यं मी दर बॅचला देते. टीचर फळ्यावर लिहीत होत्या, मुलं मैदानावर खेळत होती, शिपाई घंटा वाजवत होता... असली. मग वह्या गोळा केल्या आणि बायका गेल्या.

चार वाजता, पुढची बॅच यायच्या आधी, मी वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या तीन ठीक होत्या. चौथी भाभींची. पहिली चार वाक्यं मी सांगितलेलीच. पाचव्यापासून पुढे हे होतं. जसं होतं तसं उतरवते –

आय वॉज सिटिंग ऑन ब्लू स्टूल.
माय हेड वॉज पेनिंग.
आय हॅड कॉल्ड माय मदर.
शी वॉज टीचिंग.
मावशी वॉज टेलिंग मी अबाउट हर गोट.
व्हेन द बेल रँग, आय वॉज लाफिंग.

म्हणजे – मी निळ्या स्टुलावर बसले होते. माझं डोकं दुखत होतं. मी आईला फोन केला होता. ती शिकवत होती. मावशी मला तिच्या बकरीचं सांगत होती. घंटा झाली तेव्हा मी हसत होते.

आणि मी काय केलं माहितीये? लाल पेननं 'ब्लू'च्या आधी 'द' घातला. पुढच्या ओळीतलं 'पेनिंग' खोडून वर 'एकिंग', म्हणजे aching, लिहिलं. तिथे हात थांबला. अर्थ कळून नाही, सवयीनं. कारण हे 'पेनिंग' मी एकाच व्यक्तीचं शेकडो वेळा दुरुस्त केलं होतं. "आई, माय हेड इज पेनिंग." "एकिंग म्हणायचं, सई." "दुखतंय तर तेच ना पण!"

मग मी सहाच्या सहा वाक्यं पुन्हा वाचली. रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. खाली दुकानात कुणीतरी चष्मा घालून पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होतं, ते शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलं आली आणि मी बॅच घेतली. काय शिकवलं ते आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी बोर्ड पुसताना बघितलं, सगळं बरोबर लिहिलेलं होतं.

बुधवारी भाभींना थांबवून घेतलं आणि वही पुढे केली.

"भाभी, हे काय लिहिलंय?"

"का ओ, लई चुकलंय?"

"चुकलं नाही. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कुणी म्हंजे? तुम्हीच सांगितलासा की! तुम्ही बोलत गेलासा, मी लिवत गेलो."

"मी शिपायाचं, घंटेचं सांगितलं होतं."

"घंटेचं हाय की ह्यात." त्यांनी 'बेल'वर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "पर एक सांगतो मॅडम. तुमचा आवाज मधीच बारीक झालता. मला वाटलं, घसा बसला."

मी विचारलं, या वाक्याचा अर्थ काय? 'गोट' म्हणजे काय? त्यांना माहीत नव्हतं. "गोटी का?" म्हणाल्या. 'हॅड' तर आम्ही अजून शिकलोच नव्हतो, तो भूतकाळ पुढच्या महिन्यात येणार होता. न शिकलेला काळ त्यांनी बिनचूक वापरला होता.

बाकीच्या तिघींनाही मी आडून आडून विचारलं. त्यांनी शिपाई आणि घंटाच ऐकली होती. माझा आवाज कुणालाच वेगळा वाटला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दोन वर्षं मनात दाबून ठेवलेलं तुमच्याच तोंडून निघालं असेल. मीही तेच म्हटलं स्वतःला. तिघींचं लक्ष नसेल, सवयीनं नेहमीचं लिहिलं असेल. चालेल. पण फोनचं मला माहीत होतं, शिकवण्याचं माहीत होतं. निळं स्टूल आणि बकरी मला माहीत नव्हती.

शुक्रवारी मी सईच्या शाळेत गेले. दोन वर्षांत त्या रस्त्यानं रिक्षासुद्धा नेऊ दिली नव्हती. दुपारची मधली सुट्टी नुकतीच संपली होती. ऑफिसच्या बाहेर पाणी भरणाऱ्या मावशी होत्या – शांतामावशी, मुलींना पाणी द्यायच्या, घंटा द्यायच्या. मला ओळखलं आणि हातातली कळशी तशीच धरून उभ्या राहिल्या.

मी फार काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "मावशी, त्या दिवशी शेवटी सई कुठे बसली होती?"

त्यांनी ऑफिसच्या दाराजवळचं लोखंडी स्टूल दाखवलं. ते तपकिरी होतं. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. म्हटलं, झालं, संपलं.

"तवा निळं हुतं," मावशी म्हणाल्या. "औंदा रंगिवलं."

मी त्या स्टुलावर बसले. मग विचारलं, "तुमच्याकडे बकरी आहे का?"

मावशींनी कळशी खाली ठेवली.

"ताई, तुमास्नी कुनी सांगितलं? मी कुनालाच न्हाई सांगितलं. आमच्या घरात बी न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. फोन करून सई बाहेर आली, स्टुलावर बसली. डोकं धरलं होतं. मावशींनी पाणी दिलं. आणि पोरगी गप्प बसलीय म्हणून, तिला जरा बरं वाटावं म्हणून, आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. मावशींची बकरी पाचगावात शेजारच्या मास्तरांच्या स्कूटरच्या सीटवर चढून बसली आणि काही केल्या उतरेना. मास्तरांना लग्नाला जायचं, अंगात कोट, आणि बकरी हँडलवर पाय ठेवून रस्त्याकडं बघतीय...

"लई हसली ओ ताई. डोकं धरून हसली. 'मावशी, परत सांगा, मास्तर काय म्हनले?' अशी. तेवढ्यात टाइम झाला, मी घंटा द्यायला उटलो. घंटा दिली, मागं वळलो, तर ती दप्तर घ्यायला उटली हुती आन्..."



"मी सांगितलं न्हाई कुनाला," त्या म्हणाल्या. "म्हनले असते, पोरगी मरायला टेकली आन् ही बकरीचं सांगत बसलीया. आत जाऊन बाईस्नी सांगाय पायजे हुतं मी. दवाखान्यात न्याय पायजे हुतं."

मी म्हटलं, "मावशी, तिनं मला फोन केला होता. मी म्हटलं थांब."

पहिल्यांदाच ते मोठ्यानं म्हटलं. मावशींनी माझा हात धरला. त्यांचा हात ओला आणि गार होता. मला गार लागला, हे लिहून ठेवते.

शाहीनभाभी आणि शांतामावशी एकमेकींना ओळखतात का, ते मी दोन्ही बाजूंनी तपासलं. ओळखत नाहीत. भाभी त्या शाळेचे युनिफॉर्म शिवत नाहीत. मला मुलगी होती हे त्यांना बॅचमधल्या कुणीतरी सांगितलं होतं, एवढंच.

त्या रविवारी संजयला सगळं सांगितलं. वही, शाळा, मावशी... आणि फोन. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "किती वाजता आलता फोन?" मी वेळ सांगितली. तो उठून गच्चीवर गेला आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलला नाही. डबा घेऊन शिरोलीला कारखान्यात जायचा, परत यायचा, जेवायचा. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाला, "त्या बकरीचं काय ते परत सांग." मी सांगितलं. मास्तरांच्या कोटाशी आले तेव्हा तो हसला – नाकातून, जरासा. मग ताट घेऊन बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. फोनबद्दल तो आजपर्यंत काही बोललेला नाही. मीही विचारत नाही.

काय घडलं, मला माहीत नाही. आवाज कुणाचा, तो एकीलाच का ऐकू आला, माझ्याच क्लासमध्ये का – काही सांगता येत नाही. मी अजूनही कशावर विश्वास ठेवत नाही. फक्त ती घंटा झाली तेव्हा सई हसत होती, हे मला माहीत आहे.

त्यानंतर मी दर मंगळवारी तीच दहा वाक्यं दिली. तोच कागद, तीच वेळ, भाभींना त्याच खुर्चीवर बसवून. बाकीच्या बायका कंटाळल्या, एकीनं तर क्लास सोडला. भाभी दर वेळी मान खाली घालून लिहायच्या. मी चार वाजायची वाट न बघता तिथेच वही उघडून बघायचे – शिपाई, घंटा, मैदान. दर वेळी तेच. स्पेलिंगसुद्धा सुधारत गेलं, आता त्या इंग्रजी अक्षरांत लिहायला लागल्यात.

गेल्या मंगळवारी मी कागद उचलला, तर भाभींनी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये माझं पाठ झालंय आता. पुढचं घ्या की."

मी विचारलं, "पुढचं काय घेऊ?"

"काय बी घ्या. मी लिवतो."