सातवा स्क्रू

पडलेली वस्तू शोधून काढण्यात माझ्या मामेसासऱ्यांच्या तोडीचा माणूस सबंध परळ-लालबागेत झाला नाही, आणि एवढ्या गुणी माणसाचा स्वतःवरचा विश्वास घालवला तो मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल थोडं गमतीने लिहिणार आहे; वाचता वाचता कुणी मला भला माणूस समजू नये.

मामा, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. फिटर तिथे बरेच होते, पण यंत्राच्या पोटात पडलेला नट यंत्र न खोलता बाहेर काढावा तो मामांनीच. त्यासाठी त्यांच्या काखेत कायम खाकी कापडाची एक गुंडाळी असे. डॉक्टरने बॅग उघडावी तशी ते ती उघडत. आत सगळी घरी बनवलेली हत्यारं. छत्रीच्या काडीच्या टोकाला बसवलेला लोहचुंबकाचा तुकडा, चमच्याच्या दांड्याला जोडलेला रुपयाएवढा आरसा, सायकलच्या ब्रेकच्या तारेला लावलेला तीन नखांचा चिमटा, आणि टोकाला मऊ मेण थापलेली बांबूची काडी. प्रत्येकाला नाव होतं. आरसा म्हणजे सासूबाई, कारण कोपऱ्यातलं सगळं तिला दिसतं. लोहचुंबक म्हणजे जावई, कारण एकदा चिकटला की सोडत नाही. हे नाव माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं आहे, असं मामी शपथेवर सांगत. मेणाची काडी पितळेसाठी. "पितळेला जावई ओळख देत नाही," मामा म्हणत, "तिथे गोडीगुलाबीनेच घ्यावं लागतं." मग यंत्राखाली पालथे पडून ते स्क्रूला कोकणातल्या बोलीत आळवत, "खंय लपलंस रे बाबा? भायर ये."

त्यांचं एक शास्त्र होतं. वस्तू पडली की स्वतः पळत नाही, माणसाचा पाय तिला पळवतो. म्हणून ज्याच्या हातून पडेल त्याने तत्काळ "पडला!" असं ओरडायचं, आणि बाकीच्यांनी आहे तिथे दगड होऊन उभं राहायचं. खात्यात हा नियम होताच, मामांनी तो घरीही लागू केला होता. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या कुडीची फिरकी पडली. "पडली! कुणी हलायचं नाही!" मामांचा आवाज घुमला आणि भटजींचं तोंड 'सावधान'मधल्या 'सा'वर उघडं राहिलं. पाहुणे मुठीत अक्षता घेऊन थिजले. मामा नव्या कोटासकट जमिनीवर आडवे झाले, सासूबाईंना पाटाखालून फिरवलं आणि करवलीच्या पायापाशी फिरकी सापडली. मुहूर्त टळला म्हणून माझे वडील चिडले, तेव्हा मामा कोट झटकत म्हणाले, "मुहूर्त दुसरा काढता येतो. ही फिरकी जोडातली आहे."

एखादा नट सापडेनाच, तर ते तसाच दुसरा नट त्याच जागेवरून मुद्दाम सोडत आणि तो कुठे जातो ते बघत. याला ते 'भावाला पाठवणं' म्हणत. आमच्या चाळीत एकदा शिवणाच्या मशीनचा नट गेला, मागून पाठवलेला भाऊ गेला, त्याच्या मागून तिसराही गेला. चाळभर हशा. मामा मात्र शांतपणे फरशीची एक फट धरून बसले आणि तासाभरात तिथून तिन्ही भाऊ काढले, शिवाय शेजारणीची कपाटाची किल्ली, जी नेल्याचा आळ तिने जावेवर घेतला होता. त्या दोघी पुन्हा बोलायला लागल्या, हे मामांचं त्या दिवसाचं खरं काम, असं मला अजूनही वाटतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटल्यावर चाळीतल्या पोरांबरोबर चळवळीची पत्रकं वाटणारा. ही पत्रकं डिलाईल रोडच्या एका बोळातल्या छोट्या छापखान्यात छापली जात. एका शनिवारी दुपारी तिथलं ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, अडलं. दुसऱ्या दिवशी सभा, आणि पत्रक एकही तयार नाही. मामांना बोलावलं. हाताखाली म्हणून मला घेऊन ते आले.

दातेरी चाकांवरच्या झाकणाला पितळी स्क्रू होते. मामांनी ते एकेक काढून माझ्या हातातल्या ताटलीत टाकले आणि मोजले, "सहा." चाकांत अडकलेला लोखंडी तुकडा जावयाने ओढून काढला. तोवर माझ्या हातून दोनदा स्क्रू खाली पडला होता आणि दोन्ही वेळा मी नियमाप्रमाणे ओरडलो होतो. पत्रकं भिंतींवर चिकटवायला खळीच्या बादल्या घेऊन उभी असलेली पोरं दोन्ही वेळा एका पायावर थिजली होती. दुसऱ्यांदा एकजण म्हणाला, "मामा, तुमचे जावई स्क्रू सांभाळतायत की पेरतायत?" सगळे हसले. मामांनी त्याला दटावलं. मग माझा मान राखावा म्हणून की काय, पाच स्क्रू आवळून झाल्यावर बाजूला होत म्हणाले, "शेवटचा तुम्ही लावा, जावईबापू." आणि हात धुवायला नळावर गेले.

तो शेवटचा स्क्रू माझ्या बोटांतून निसटला आणि झाकणाच्या सैल कोपऱ्याच्या फटीतून आत गेला. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण पोरं माझ्याकडेच बघत होती. छापखान्याच्या डब्यात त्याच घडणीचे जुने स्क्रू पडले होते. पाठ वळवून मी त्यातला एक उचलला, लावला, आणि मामा परत आल्यावर म्हणालो, "झालं."

मशीन चाललं. शंभरेक पत्रकं छापली असतील, तोच आतून कडकन आवाज आला. झाकण उघडलं. चाकाचे दोन दात तुटले होते आणि मध्ये एक पितळी स्क्रू चेपून बसला होता. मामांनी तो तळहातावर घेतला. झाकणाचे सहा स्क्रू ताटलीत होते, मग हा सातवा कुठून आला? त्यांनी ताटलीतले स्क्रू बोटाने परत मोजले. मग हळूच म्हणाले, "उघडतानाच सात असणार. मी सहा मोजले. एक आत राहिला."

"वय झालं मामा आता," कुणीतरी म्हणालं. मामा पंचावन्नचे होते. मी सव्वीस वर्षांचा, शिकलेला, पत्रकांतून न्यायाची मागणी करणारा, तिथेच उभा होतो.

पत्रकांवाचून काही अडलं नाही. पोरांनी खडू घेऊन रस्त्यारस्त्यावर सभेची वेळ लिहिली आणि मैदान भरून वाहिलं. पुढे महाराष्ट्र झाला, लालबागेत पेढे वाटले. अडलं ते मामांचं. खात्यात ते प्रत्येक वस्तू तीनतीनदा मोजू लागले, मग दुसऱ्याकडून मोजून घेऊ लागले, आणि शेवटी स्वतःहून हत्यारखोलीच्या खिडकीवर बदली मागून बसले. गुंडाळी कपाटावर गेली. घरात मामी उठताबसता विचारू लागल्या, "स्टो बंद केलात? कुलूप ओढून बघितलंत? परत बघा." पूर्वी असं कुणी विचारलं असतं तर मामांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते गुमान उठत आणि परत बघून येत. आम्ही नातेवाईकही मग त्यांना समजुतीच्या सुरात बोलू लागलो. मी सगळ्यात जास्त.

असं बारा वर्षं चाललं. मध्ये अनेकदा मी सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो आणि चहा पिऊन परत आलो. परवा गेलो तेव्हा मामांनी औषधाच्या गोळ्या बशीत काढल्या होत्या. बशी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "जरा मोजा हो. माझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही."

मी बशीला हात लावला नाही. म्हणालो, "मामा, सहाच होते."

कुठले, असं त्यांनी विचारलं नाही. बशी परत आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, "सातवा?"

"डब्यातला. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा शेवटचा माझ्या हातून आत पडला, त्याच्या जागी मी तो लावला. पोरं हसतील म्हणून बोललो नाही."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. मग स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "अगो, जरा बाहेर ये. हे काय सांगतायत ते ऐक." मामी पदराला हात पुसत दारात आल्या. मामा ताठ बसून मला म्हणाले, "हां, हिला सांगा. पहिल्यापासून सांगा."

मी उठून उभा राहिलो. "मामी, मामा मोजायला चुकले नव्हते. तेव्हाही नाही आणि त्यानंतर कधीच नाही. चूक माझी होती, आणि मी ती बारा वर्षं त्यांना वागवायला लावली. मला माफ करा. दोघांनीही."