साडेसहा माझी, साडेसहा नेमाची

परवा आमच्या ताथवड्यातल्या सोसायटीत साखर तपासायचं शिबिर होतं. मी आणि माझ्याकडे राहणारी नेमा, दोघी गेलो. नेमा टांझानियाची, इथं कॉलेजला शिकते, माझ्याच खानावळीत जेवते... मला मावशी म्हणते.

दोघींची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहा आली, म्हणजे आजार धरतात त्या रेषेवरच. अगदी एकच आकडा! साखरेपायी थोरल्या बहिणीच्या पायाचा अंगठा काढलाय, मी बघितलंय.

डॉक्टरीणबाई नेमाला म्हणाल्या, "तुमच्याकडच्या लोकांत हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा जरा वर दिसू शकतो. घाबरू नकोस, उपाशीपोटी तपासू." मला म्हणाल्या, तुमचं रक्त कमी आहे, त्यानंही तो वाढू शकतो. पण आपल्याकडं बारीक माणसालाही साखर होते, तेव्हा तुम्हीही तपासा.

आता घ्या! "मॅडम, आहे का नाही ते एकदाच सांगा की," मी म्हटलं. त्या हसल्या... मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरले आणि दोघी लॅबमध्ये गेलो. रिपोर्ट आला. नेमाची नॉर्मल, माझी जास्त.

मी डोक्याला हात लावून बसले. तर नेमा हळूच म्हणते, "मावशी, सकाळी शिरा कोणी चाखला?"

अगं बाई! चाखल्याशिवाय डब्याला झाकण लावलंय का मी कधी? आमटी, शिरा, परत शिरा... हात आपोआप जातो. चाखणं म्हणजे खाणं, हे डोक्यातच आलं नाही. मी तर खूश... चूक शिऱ्याची, मला काही झालेलं नाही!

परत गेले. त्या सकाळी चमच्याला हात लावला नाही, सगळं नेमानं चाखलं. तरी साखर जास्तच.

गोळी सुरू झालीय. आकडा एकच, मग एकीला आहे आणि एकीला नाही, हे कसं? डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं, दोन्ही वेळा डोक्यावरून गेलं. पण नुसता तो आकडा धरून बसलो असतो, तर ती उगाच रडली असती आणि मी रक्त कमी आहे म्हणत शिरा खात राहिले असते.

हल्ली रोज नेमाच चाखते. आमटी मिळमिळीत झाली म्हणून डबा घेणारे कुरकुरतात... गुपचूप खा म्हणते मी. परक्या देशातली पोरगी माझ्यासाठी झोप मोडून ओट्यापाशी येऊन उभी राहते, ते कुठल्या रिपोर्टात येतं?