कोणाचा माणूस

पहिल्याच भेटीत कोणी 'तुम्ही तर घरच्याच' म्हणालं की मी आधी पर्स सांभाळते. सुरतेत, वेसूच्या त्या काचेच्या ऑफिसात तेच झालं. ऑनलाइन नोकऱ्या मिळवून देणारी नवी कंपनी होती. कापडाच्या लूमवर माणूस हवा असेल तर कारखानदारानं मोबाइलवर मागायचा, काम हवं असेल तर कामगारानंही मोबाइलवरच नाव टाकायचं. त्यांना अहिराणी बोलणारी मुलगी हवी होती. कपडा मार्केटातल्या माझ्या बिलं बनवायच्या नोकरीपेक्षा पगार बराच जास्त, वर एसी.

"बेन, तमारे खाली वात करवानी," मालक म्हणाला. माझ्याहून लहानच असावा. नुसतं बोलायचे एवढे पैसे? पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी विचारलं, "माणूस कामाला लागला आणि मशीनमध्ये बोट गेलं, तर त्यानं कोणाकडे जायचं?"

"ॲप में सपोर्ट है ना."

आमच्या लिंबायतच्या कामगार वस्तीत सपोर्टला तोंड असतं. माझे वडील जन्मभर लूमवर. खानदेशातून नवा माणूस आला की ते त्याला आपल्या कारखान्यात घेऊन जातात. शेठ कागद बघत नाही. एवढंच विचारतो, "किसका आदमी है?" वडील म्हणतात, "मेरा." पहिला पगार होईपर्यंत तो माणूस आमच्याकडे जेवतो. तो पळून गेला तर शिव्या वडिलांना, आजारी पडला तर दवाखान्यात नेणारेही तेच. लहानपणी मला या पाहुण्यांचा फार राग यायचा, कारण ते आले की भाजी पातळ व्हायची.

निघताना त्यांनी माझ्या आवाजाची चाचणी घेतली. हातात कागद दिला, समोर फोन धरला. सुरतेत खात्रीचं काम आहे, आजच या, असं काहीतरी अहिराणीत सांगायचं होतं. पण आमच्यात, कोणाची कोण ते आधी सांगितल्याशिवाय कोणी ऐकून घेत नाही. सवयीनं मी वडिलांचं नाव, गाव, गल्ली सगळं सांगितलं आणि मग कागदाकडे वळले. मालक भलताच खूश झाला. त्याचं ते खूश होणं मला आवडलं नाही.

घरी वडिलांनी एवढंच विचारलं, "मानूस कोना म्हनीसन लागी?"

माणूस कोणाचा म्हणून लागणार, ते ऑफिसात कोणी सांगितलंच नव्हतं. विचार करून सांगते, असं मी कंपनीला कळवलं. पगाराचा आकडा मात्र डोक्यातून जात नव्हता, खोटं कशाला बोलू!

रविवारी संध्याकाळी दारात एक मिशीवाला गृहस्थ उभा राहिला. खांद्यावर पिशवी, मागे बायको. त्यानं फोन पुढे केला. त्यांच्या गावच्या ग्रुपवर माझाच आवाज फिरत होता.

"ताई, ॲपमा नाव टाकं, पन कोनीच फोन उचलत नही," तो म्हणाला. "मंग तुमनी गल्ली इचारत उनू."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी तिथल्या तिथे मालकाला फोन लावला. "अरे, वो तो ट्रायल था," तो म्हणाला. नोकरी नको, आधी माझा आवाज काढून टाका, असं मी ओरडून सांगितलं. तो हो हो म्हणाला. पण गावागावांत पोचलेला आवाज तो कुठून गोळा करणार? संशय घ्यायला मी पहिल्यापासून हुशार आणि आवाज द्यायलाही तेवढीच तयार!

वडील आता चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी त्या दोघांना आत बसवलं, आईला पीठ जास्त मळायला सांगितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हाऊ तुना मानूस शे," ते म्हणाले.

सकाळी मार्केटात जायच्या आधी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. लूमच्या खडखडाटात शेठनं नव्या माणसाला खालीवर न्याहाळलं आणि सवयीप्रमाणे वडिलांना विचारलं, "किसका आदमी है?"

वडील बाजूला सरकले. तो माणूस माझ्याकडेच बघत होता.

"मेरा," मी म्हणाले.