वर्ध्यात कोणी सहज उभं राहतच नाही!

गावभर कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या आईबद्दल मुलगी मोठेपणी काय सांगेल? "आई ना? ती कॉटन मार्केटात असायची!" या काळजीनं माझी झोप उडाली होती. पण आमच्या फोटोवेड्या मंडळींचे किस्सेच इतके साठलेत, की काळजी करता करता हसू फुटतं!

सुरुवात केली सरांनी. कॉलेजात शिकवणारे, आम्हा पाचसहा हौशींचे गुरू. त्यांनी फोटोंचं एक जाडजूड पुस्तक आणलं. १९३०च्या मंदीतली अमेरिका! कामासाठी रांगेत उभे बाप, पायरीवर बसलेल्या आया. कॅमेऱ्याकडे कोणी बघतच नव्हतं! "असं वर्धा टिपा, सहज! तुमच्या प्रत्येकाचा एक फोटो आपल्या प्रदर्शनात." मी हरखलेच!

* * *

कॉटन मार्केटात एका बंडीवाल्याला म्हटलं, "भाऊ, तुम्ही तुमचं काम करा. मी इथे नाहीच!"

"बरं." भाऊ खाली उतरले, शर्ट झटकला, बैलांची तोंडं पुसली आणि ताठ उभे!

"सहज उभे राहा ना!"

"सहजच तं उभा आहो, बाई! लवकर काढा, दम कोंडून राह्यला!"

* * *

चहावाल्यानं तर मला बघून केटली हवेतच धरली.

गिऱ्हाईक ओरडलं, "ओत ना बे!"

"थांब बे, फोटो हालंन!"

"मंग चहा फोटोतूनच पाजतो का?"

* * *

सर एसटी स्टँडवर खांबामागे दडून बसले. समोर गाठोडं घेतलेली म्हातारी, अगदी पुस्तकातल्यासारखी! तीच उठून आली.

"काऊन रे बापू, लपून काऊन बसला? बायकोनं हाकललं का?" हातावर भाकरी ठेवली. "जेव आधी. मंग जाजो घरी."

फोटो हुकला. भाकरी मात्र फर्स्ट क्लास, असं सरच सांगतात!

* * *

शेजारच्या काकूंना मी ते पुस्तक दाखवलं. पायरीवरच्या आईपाशी त्या थांबल्या.

"लेकरं उपाशी दिसतात व माय. फोटोवाल्यानं काही खायले देलं का?"

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

* * *

प्रदर्शन तोंडावर, रोलमध्ये शेवटचा फोटो, आणि माझ्याकडे सहज असा एकही नाही! धास्तावून अंगणात तांदूळ निवडत बसले होते. समोर आमची मिनू, चार वर्षांची. डोळ्याला रिकामी काडेपेटी लावून माझ्यावर नेम धरलेला!

मी पटकन सूप बाजूला सारलं, पदर सावरला, केसांवरून हात फिरवला आणि श्वास रोखून ताठ बसले.

मिनूनं काडेपेटी खाली घेतली. कपाळाला आठ्या.

"आई, तू तुझं काम कर ना! मी इथे नाईच!"